दिवा वाढवला

ता. २ डिसेंबर १९२९, रॉकेल, सहा रुपये नऊ आणे. थळच्या पुढे किहीमच्या वाटेवर आमच्या कंपनीचा एक दगडी धक्का होता आणि धक्क्याच्या टोकाला एक दिवा. त्या दिव्याच्या नोव्हेंबरातल्या तेलाचा हा खर्च. मंजुरी सहा रुपयांची होती. आठवड्याभरात मुंबईच्या कचेरीतून विचारणा आली, की वरचे नऊ आणे कशाचे? शिवाय, तुमच्या रोजच्या रिपोर्टात दर सकाळी दिव्याची वात वर चढवल्याची नोंद असते; सूर्य उगवल्यावर वात चढवण्याचं कारण काय?

मी मुंबईला कॉमर्सची परीक्षा देऊन नुकताच तिथे हिशेबनीस म्हणून आलो होतो. कंपनीचे मचवे नारळ, सुपारी, मीठ घेऊन मुंबईला जात, त्यांची ही कचेरी. कौलारू दोन खोल्या, समुद्राकडे एक खिडकी. एका टेबलाशी मी आणि दुसऱ्याशी बाळाजीराव. बाळाजीराव अलिबागचे, मॅट्रिक झालेले, चाळिशी उलटलेले. इंग्रजी रिपोर्ट तेच लिहीत. या किनाऱ्यावर आपल्यासारखं इंग्रजी कोणी लिहीत नाही असं त्यांचं मत होतं, आणि ते तपासून पाहणारं आसपास कोणी नव्हतं.

मी त्यांचा रिपोर्ट पाहिला. संध्याकाळी दिवा लावला ते बरोबर लिहिलं होतं. सकाळच्या रकान्यात मात्र रोज ‘टर्न्ड अप’.

“बाळाजीराव, हे टर्न्ड अप कशासाठी?”

“अहो कॉमर्स, वाढवला! ती रोज येऊन काय सांगते? दिवा वाढवला. मग मी काय लिहू?”

आता हा घोटाळा आपल्याच माणसाला कळेल. आपल्याकडे दिवा विझवला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात, मोठा केला म्हणतात. दुकान बंद करायचं तर वाढवायचं. नवरा गेल्यावर बायकोच्या हातातल्या बांगड्या फोडतात, त्यालाही बांगड्या वाढवणंच म्हणतात. कोळीवाड्यात हे फारच कडक होतं. होड्या पाण्यावर असताना कोणी ‘विझला’ म्हणालं तर बायका त्याला अंगणातून हाकलून देत. बाळाजीरावांनी आपला ‘वाढवला’ उचलून जसाच्या तसा इंग्रजीत ठेवला होता.

मी म्हणालो, “इंग्रजीत त्याला पुट आऊट म्हणतात. टर्न अप म्हणजे वात वर करणं. नेमकं उलट.”

“शब्द तर दोन्ही बारकेच आहेत,” बाळाजीराव म्हणाले. “एका अपने आणि आऊटने इतकं उलटंपालटं होत असेल तर त्या लोकांनी राज्य केलं कसं?”

ती रोज येऊन सांगणारी म्हणजे आवडाबाई. माहेर थळचं, चौदाव्या वर्षी लग्न होऊन इथल्या कोळीवाड्यात आली. नवरा येसाजी आमच्याच एका मचव्यावरचा मुख्य खलाशी, तांडेल. मूल नव्हतं. माशांची पाटी डोक्यावर घेऊन ती अलिबागच्या बाजारात जायची आणि तिच्याशी घासाघीस करायला माणसं दबकत. एकाने पापलेट शिळं आहे म्हटलं, तर म्हणाली, “डोळं बग त्याचं. तुज्यापरीस जितं हायत.” हसायची मोठ्याने, आणि हसताना हात हलला की हिरव्या बांगड्या वाजायच्या. डझनभर तरी असतील एकेका हातात.

येसाजी १९२६ च्या कार्तिकात गेला. पहाटे एकटाच लहान होडी घेऊन जाळं बघायला निघाला. समुद्र शांत होता, धुकं होतं. परत आला नाही. होडीची फळी सापडली नाही, वल्हं सापडलं नाही, तोही सापडला नाही. अंधारात परतताना तो लांबून हाक द्यायचा, “आवडे, दिवा मोठा कर गो!” आणि आवडाबाई धक्क्यावर कंदिलाची वात चढवून उभी राहायची. त्या हाकेतला मोठा म्हणजे खरोखरच मोठा.

त्याच सुमारास धक्क्यावरचा दिवा सांभाळणारा म्हातारा वारला, तेव्हा कंपनीने तांडेलाची बायको म्हणून ते काम तिला दिलं. पाच रुपये पगार. संध्याकाळी दिवा लावायचा, सकाळी वाढवायचा आणि खिडकीशी येऊन सांगायचं. “दिवा वाढवला, भाऊ,” असं म्हणून ती बांगड्यांचा हात खिडकीच्या चौकटीवर आपटायची. बाळाजीराव मान वर न करता लिहायचे.

तिची जाऊ मनुबाई दोन वर्षं तिच्या मागे लागली होती. बांगड्या वाढव, कुंकू पूस, त्याचं दिवसकार्य होऊ दे, तो बिचारा मधेच अडकून पडला असेल. आवडाबाईचं उत्तर एकच होतं. “वाढवायचा तो मी दिवा वाढवते. बांगड्या न्हाय.” येसाजी येणार, हे तिने धरून ठेवलं होतं. बाकी कशाचीच तिला पर्वा नव्हती.

मुंबईच्या पत्रानंतर दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी आली तेव्हा आम्ही दोघे त्या शब्दावरूनच बोलत होतो.

“माज्या दिव्याचं काय वो?”

“तुझ्या दिव्याचं इंग्रजी चुकलंय,” बाळाजीराव म्हणाले. “आजपासून पुट आऊट लिहायचं.”

“म्हंजे काय?”

बाळाजीरावांना शिकवायची हौस फार. “पुट आऊट म्हणजे दिवा तो... तू वाढवतेस तेच. आणि होडी किनाऱ्यावरून समुद्रात लोटली, तर त्यालाही पुट आऊटच म्हणतात.”

तिच्या तोंडावरचं हसू गेलं.

“दोन्हीला योकच?”

“एकच.”

“म्हंजे त्यांच्यात होडी लोटली की दिवा गेला?”

बाळाजीराव माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, “तसं नाही, बाई. शब्द एक, अर्थ वेगळे. पुढे काय आलंय त्यावरून कळतं.”

“आन् आदी काय लिवत व्हतं?”

“टर्न अप,” बाळाजीराव म्हणाले. “वात वर केली. पण त्याचाही आणखी एक अर्थ आहे. हरवलेलं माणूस किंवा वस्तू ध्यानीमनी नसताना हजर झाली, तर म्हणतात टर्न्ड अप.”

धक्क्याखाली पाणी आपटत होतं. मग तिने खिडकीच्या गजांना धरलं.

“भाऊ, तेच लिवा.”

“अगं, ते चूक आहे.”

“आसंना चूक. तीन वरसं तुमी रोज लिवताव, मानूस हजर झालं, हजर झालं. मला ठाव नव्हतं. आता ठाव झाल्यावर तुमी ते पुसनार? आन् वर लिवनार दिवा गेला, होडी गेली?”

“मुंबईला नऊ आण्यांचा जाब द्यायचाय,” मी म्हणालो.

“माज्या पगारातून कापा. दर म्हयन्याला कापा. पन शब्द हालवू नका, तुमच्या पाया पडते.”

बाळाजीरावांनी त्या दिवशी ‘टर्न्ड अप’च लिहिलं. मुंबईला त्यांनी कळवलं की दिव्याची वात जुनी असून सकाळी झाडून वर ओढावी लागते, आणि जास्तीचं तेल दिवेवालीच्या पगारातून वळतं करण्यात येईल. मुंबईने ते मानलं. मुंबईला नऊ आण्यांपुरतं मानायला काही हरकत नव्हती.

माझी मात्र एक अडचण राहिली. शब्द चुकला होता, हे ठीक. पण नऊ आण्यांचं तेल खरोखरच गेलं होतं. चुकीच्या शब्दाने तेल जळत नाही. ती तेल घरी नेते असं मला वाटलं नाही, तरी हिशेबात वाटण्याला जागा नसते. म्हणून एका सकाळी ती दिवा वाढवून आली आणि मी जाऊन टाकीत काठी बुडवून तेल मोजलं. दिवा एका लहान चुनेगच्ची खोलीत होता, समुद्राच्या बाजूला काच आणि मागे दार. दाराला मी कुलूप लावलं आणि चावी खिशात ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत बाळाजीरावांना घेऊन गेलो. कुलूप उघडलं तर खोली तापलेली होती. दिवा जळत होता. वात पुरती वर चढलेली, काच अर्धी काजळीने काळी. भर उन्हात ज्योत जवळजवळ दिसत नव्हती, वरची हवा फक्त थरथरत होती.

बाळाजीराव दारातच थांबले. “तिने नीट वि...” म्हणाले आणि जीभ चावली. “नीट वाढवला नसेल.”

मी वात खाली केली, फुंकर मारली, बोट लावून ती गार झाल्याची खात्री केली, पुन्हा कुलूप घातलं. संध्याकाळी ती दिवा लावायला गेली तेव्हा मी सोबत होतो. दिवा आधीच लागलेला होता. आवडाबाईने काच पुसायला घेतली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“तुमी लिवता तसा तो ऱ्हातो,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी तेल मोजायला गेलो नाही. बाळाजीराव थोडे दिवस चेष्टा करत. “बघा कॉमर्स, माझं इंग्रजी चुकलं नव्हतं. दिवाच जरा मागे होता.” पुढे चेष्टाही थांबली. सकाळी रिपोर्ट लिहिताना ते टाक दौतीत बुडवून थोडा वेळ तसेच बसत, आणि मग तो शब्द लिहीत. दर महिन्याच्या एक तारखेला मी आवडाबाईच्या पगारातून नऊ आणे आगाऊ कापून घेई. ती चार रुपये सात आणे पदराला बांधी आणि हसत जाई. त्या वर्षात तिचं हसणं वाढलं होतं. मनुबाई म्हणायची, “रोज दोगांचं रांधते. उरलेलं मांजराला घालते म्हंते, पन तिच्या घरात मांजर हाय कुठं?”

१९३१ च्या जानेवारीत मुंबईहून इन्स्पेक्टर आले. शिस्तीचे, सभ्य गृहस्थ. सगळी दप्तरं पाहून झाल्यावर त्यांनी रोजचा रिपोर्ट पुढे ओढला.

“सकाळी टर्न्ड अप?”

बाळाजीरावांनी वातीची हकीकत सांगितली.

“वातीचं मला नको. दिवा चालू की बंद, एवढंच हवं. उद्या एखादा मचवा खडकावर चढला तर हा कागद कोर्टात जाईल. पुट आऊट लिहा. उद्यापासून.” त्यांनी रिपोर्टाच्या कोपऱ्यात शेराही मारला आणि चहा घेऊन निघून गेले. त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई खिडकीशी आली. “दिवा वाढवला, भाऊ.”

बाळाजीरावांनी लिहिलं. टाकाची कुरकुर नेहमीपेक्षा कमी झाली की जास्त, कोण जाणे, तिला वाचता येत नव्हतं, पण तिने विचारलं, “बदाललं ना?”

“वरचा हुकूम आहे, आवडाबाई.”

तिने हात चौकटीवर आपटला नाही, अलगद काढून घेतला.

त्या दिवसापासून दिवा दिवसा जळला नाही. दुपारी काच गार असे. येताजाता मी दार उघडून बघत असे, माझ्या कुलपाची तशी गरज उरली नव्हती. तरी इन्स्पेक्टरांच्या सांगण्यावरून आता दिवसा दाराला कुलूप असे आणि चावी कचेरीत राहायची, खिळ्यावर. आवडाबाईने बाजार सोडला. मनुबाईने तिला पुन्हा धरलं, आणि या वेळी ती नाही म्हणाली नाही. “कागदावर गेला तो,” म्हणाली. “मी योकटी धरून किती धरू?” अमावास्येला दिवस घालायचे, त्याच सकाळी धक्क्याखाली बांगड्या वाढवायच्या, असं ठरलं.

अमावास्येच्या सकाळी धुकं इतकं होतं की कचेरीच्या पायरीवरून धक्का दिसत नव्हता. आवडाबाई दिवा वाढवून, चावी खिळ्याला लावून खाली वाळूवर गेली होती. मनुबाई आणि दोनचार बायका तिथे जमल्या होत्या. बाळाजीराव रिपोर्टाचा कागद आखत होते. मी खिडकी लावायला उठलो, आणि तेव्हा हाक आली.

समुद्राकडून आली. लांबून, पण स्वच्छ. वाऱ्याचा आवाज वगैरे काही नव्हता, वाराच नव्हता.

“आवडे, दिवा मोठा कर गो!”

बाळाजीरावांच्या हातातली पट्टी खाली पडली. त्यांनी येसाजीबरोबर आठ वर्षं काढली होती. “हा तोच,” ते म्हणाले. खाली बायका एकदम गप्प झाल्या होत्या. म्हणजे त्यांनीही ऐकली.

आवडाबाई धावत खिडकीशी आली. बांगड्या हातात तशाच होत्या.

“चावी द्या.”

मी दिली.

“काय म्हनतात त्याला? काय म्हनतात, भाऊ, तो शब्द?”

“टर्न अप,” बाळाजीराव म्हणाले.

तिने तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटला आणि धक्क्यावरून धुक्यात गेली. थोड्या वेळाने धुक्याच्या पोटात एक पिवळा डाग पडला आणि मोठा होत गेला, इतका की त्या काचेतून एवढा उजेड मी कधी पाहिला नव्हता. मग पायऱ्यांशी बांधलेली कोणाची तरी लहान होडी सोडल्याचा आवाज, दोराचा, मग वल्ह्यांचा. प्रत्येक वल्ह्याबरोबर बांगड्या वाजत होत्या. मनुबाई वाळूवरून ओरडत होती, “आवडे, मागं फिर! ते धुकं हाय गो, तो न्हाय!”

बांगड्यांचा आवाज लांब गेला. मग वल्ह्यांचे आवाज दोन होड्यांचे झाले. एक बांगड्यांचं, एक बिनबांगड्यांचं, जोडीने. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मग तेही ऐकू येईनासे झाले.

उन्हं चढली तसं धुकं विरलं. खांदेरी बेटापर्यंत पाणी मोकळं होतं. तीन मचवे शोधायला पाठवले, संध्याकाळी रिकामे परतले. होडी सापडली नाही, वल्हं सापडलं नाही.

रिपोर्ट तर लिहायचा होता. बाळाजीराव कागदापुढे बसून होते. “कॉमर्स,” म्हणाले, “सांगा. आज चूक नको.”

मी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं. लॅम्प टर्न्ड अप. कीपर पुट आऊट. दिवा मोठा केला. दिवेवाली होडी घेऊन समुद्रात गेली. त्या कचेरीतून दोन्ही शब्द एकाच दिवशी, आपापल्या जागी, अचूक अर्थाने गेले ते पहिल्यांदाच. खाली हकीकतीचं वेगळं पत्र जोडायचं ठरवलं होतं, पण मचवा सुटायच्या घाईत ते मागेच राहिलं.

दिवा जळतच होता. चावी ती घेऊन गेली होती आणि दार आतून लावल्यासारखं घट्ट बसलं होतं. ते फोडायला कोणी तयार होईना. टाकीत एका रात्रीपुरतं तेल होतं. तो रात्रंदिवस जळत राहिला.

मुंबईचं उत्तर चौथ्या सकाळी आलं. आमचाच रिपोर्ट परत आला होता. त्यावर तांबड्या शाईने दोन शब्दांच्या जागा आपसांत बदलून दिल्या होत्या आणि खाली नेमका शेरा होता, की शब्दांची गल्लत पुन्हा झाली आहे, यापुढे काळजी घ्यावी. दुरुस्त केलेला रिपोर्ट असा होता: लॅम्प पुट आऊट. कीपर टर्न्ड अप.

बाळाजीरावांनी तो मोठ्याने वाचला आणि आम्ही दोघांनी धक्क्याकडे पाहिलं. काच काळी होती. दिवा गेलेला होता.

मी हिशेबाच्या वहीकडे वळलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बाळाजीरावांनी त्या दिवसाचा कागद पुढे घेतला, टाक बुडवला.

“दिवा वाढवला, भाऊ.”

खिडकीच्या चौकटीवर बांगड्यांचा हात आपटला. बाळाजीरावांनी नेहमीसारखं मान वर न करता लिहायला सुरुवात केली, आणि अर्ध्यात त्यांचा हात थांबला. आम्ही वर पाहिलं. खिडकीत कोणी नव्हतं. वाळूवर कोणी नव्हतं. खिडकीची चौकट ओली होती, आणि चावी खिळ्याला होती.

बाळाजीरावांनी त्या वर्षी अलिबागला बदली मागून घेतली. नंतर दिवा कोणी लावायला राहिलं नाही, आणि पुढे १९३४ मध्ये कंपनीने तो धक्काच सोडला. मनुबाईने जावेचे दिवस घातले नाहीत. कशाच्या आधारावर घालू, म्हणाली.

शब्द बदलल्यानंतर तेलाचा खर्च मंजुरीच्या आत राहिला. त्या महिन्यापोटी आवडाबाईच्या पगारातून एक तारखेला आगाऊ कापलेले नऊ आणे तिला देणे आहेत.